दम धर, दत्तू

“हा पिवळा सदरा तुला शोभतो रे, दत्तू,” इंदूताई म्हणाली आणि मी मान खाली घालून माझ्या सदऱ्याकडे पाहिलं. सदरा पांढरा होता. प्राथमिक शाळेतल्या मास्तराचा सदरा जितका पांढरा राहू शकतो तितकाच, पण पांढरा. शाळा सुटल्यावर मी तसाच तिच्याकडे आलो होतो. ती खुर्चीत पुढे झुकून बसली होती. पाठीशी लोड, मांडीवर उशी, उशीवर दोन्ही कोपरं. खिडकीतून कलतं ऊन येत होतं, आणि दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, उन्हामुळे दिसलं असेल तसं. मलाही तसंच वाटून घ्यायला आवडलं असतं. पण त्या पिवळ्याचा अर्थ मला पाठ होता...

त्याला आता दीड महिना होत आला. इंदूताई गेली. बाजारात माणसं थांबवून सांगतात, “फार चांगली डॉक्टर होती हो तुमची बहीण,” आणि मी मान हलवून पुढे जातो. आमच्या गोतावळ्यात गोष्टी सांगण्याचं खातं माझ्याकडे आहे. लग्न असो, बारसं असो, जेवणं झाली की कुणीतरी म्हणतंच, “दत्तू, ते दम धरल्याचं सांग.” मग मी सांगतो, तिखटमीठ लावून सांगतो, आणि इंदूताई कोपऱ्यातून म्हणते, “खोटं आहे, इतका वेळ नव्हता काही.” आता ती गोष्ट सांगायची, तर तिला खोटं म्हणणारं कुणी उरलेलं नाही. चूक काढणारं माणूस गेलं की गोष्ट सांगणारा फार एकटा पडतो, हे मला या वयात नव्यानेच कळलं.

इंदूताई माझी मावसबहीण, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तळ्याजवळच्या आळीत मावशीचं आणि आमचं घर लागून. स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं तेव्हा ती मुंबईला डॉक्टरी शिकत होती, आणि मी पनवेलला मॅट्रिकच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसण्याची तयारी करत होतो. म्हणजे आई तयारी करत होती, मी नुसता बसणार होतो. सुट्टी लागली की इंदूताई ठाण्यावरून मोटारने यायची, ती वळकटीपेक्षा जड पुस्तकं घेऊन. तिची अभ्यासाची रीत अशी की, वाचलेलं कुणालातरी समजावून सांगितल्याशिवाय ते तिच्या डोक्यात बसत नसे. ते कुणालातरी म्हणजे मी. “तुला कळलं की समजायचं, कुणालाही कळेल,” असं ती म्हणायची, आणि यात आपला काही अपमान आहे हे चार-पाच वर्षांनी माझ्या लक्षात आलं. ती माझी परीक्षा घ्यायची, नापास मी व्हायचो, आणि कॉलेजात पास ती व्हायची.

त्या सुट्टीत तिला औषधशास्त्र होतं. त्यातही हृदयाची आणि फुफ्फुसांची औषधं हा धडा तिने असा धरला होता की सोडता सोडेना. तळ्याच्या पायऱ्यांवर आम्ही बसायचो. समोर म्हशी डुंबत असायच्या, आणि इंदूताई मला सांगायची, “हे बघ, हृदय आणि फुफ्फुसं या एका घरातल्या दोन जावा आहेत. मोरी एकच. एकीने ती उपसली नाही, पाणी तुंबवलं, की ते दुसरीच्या चुलीपर्यंत येणार. मग ओरडते कोण? दुसरी. पण दोष कुणाचा? पहिलीचा.” मी विचारलं, “म्हणजे माझी आई आणि काकू?” ती म्हणाली, “आता तू हे जन्मात विसरणार नाहीस.” आणि खरंच विसरलो नाही. हृदय दमलं की रक्त मागे तुंबतं, फुफ्फुसांत पाणी साठतं, आणि माणसाला वाटतं, आपल्याला दमा झाला.

इथेच खरी गोम होती. आपल्याकडे शब्द एकच. ओवे गावचा शेतकरी असो की मिठागरावरचा माणूस, छाती भरली की म्हणणार, दम लागतो. पण दम लागण्याची कारणं दोन. एक फुफ्फुसांचा दमा, त्यात नळ्या आवळतात, त्याला अॅड्रिनलिनची सुई. दुसरा हृदयाचा, त्याला मॉर्फिन. आणि अदलाबदल झाली, याची सुई त्याला गेली, तर रोग्याला मारायला रोग लागत नाही, डॉक्टर पुरतो. हे ती म्हणायची तेव्हा हसायची नाही. मग माझी परीक्षा सुरू. “चल, आज तू फुफ्फुसाचा.” मी पायरीवर बसून छातीतून शिट्टी काढायचो. “आता हृदयाचा.” मी पुढे झुकून, कोपरं गुडघ्यांवर टेकून, आडवं होता येत नाही असा चेहरा करून धापा टाकायचो. इतक्या वेळा टाकल्या की एकदा कपडे धुणाऱ्या बायकांपैकी एक खरंच पाणी घेऊन धावली. “बाय, पोऱ्याला कय झाला?” इंदूताई शांतपणे म्हणाली, “काही नाही, नापास झालाय.”

तिची नवी नळी आली, छाती तपासायची, तेव्हाची ती गोष्ट. मला पाटावर बसवून तिने नळी पाठीला लावली. “श्वास घे. दम धर.” मी धरला. तेवढ्यात मावशीने स्वयंपाकघरातून हाक मारली, पापड गच्चीवर टाकले होते, कावळे आले होते. इंदूताई तशीच नळी गळ्यात घालून वर पळाली. मी दम धरून बसलो. मोठ्या बहिणीने धर म्हटलंय, सोड म्हटलेलं नाही... एवढा आज्ञाधारकपणा मी अभ्यासात दाखवला असता तर आज मामलेदार असतो. ती खाली आली तेव्हा मी पाटाशेजारी कलंडलो होतो, आणि मावशी माझ्या नाकाशी कांदा धरून बसली होती. “अरे, सोडायचा ना,” इंदूताई म्हणाली. मी म्हटलं, “तू कुठे सोड म्हणालीस?” तेव्हापासून आमच्या घरात ही म्हण झाली. कुणी हट्टाला पेटलं, कुणी राग धरून बसलं, की “इंदू, याला सोड म्हण गं.”

डिजिटॅलिस हे नाव मी पहिल्यांदा तिथेच ऐकलं. कुठल्याशा थंड मुलखातल्या जांभळ्या फुलांच्या झाडाचं पान. दमलेल्या हृदयाला ते आवरून, शिस्तीने काम करायला लावतं. “पण हे औषध आणि हेच विष,” ती म्हणायची. “मधे उंबरठ्याएवढं अंतर. हळूहळू अंगात साठतं. जास्त झालं हे कसं ओळखायचं, सांग.” मी पाठ म्हणायचो : जेवण नकोसं होतं, मळमळतं, नाडी मंद होते, आणि डोळ्यांना सगळं पिवळं दिसायला लागतं. “पांढरं काय दिसतं?” “पिवळं.” “पुन्हा सांग.” “पिवळं, पिवळं. अगं, मला काय करायचंय त्याचं?” ती तळ्याकडे बघत म्हणाली, “असू दे पाठ. लागतं कधीतरी.”

पुढे ती शिकून पनवेललाच आली, बाजारात एका खोलीचा दवाखाना काढला. मावशीने लग्नाचा विषय काढला की ती म्हणायची, वेळ कुठे आहे. आम्हाला वाटायचं, शिकलेल्या मुलींचं असंच असतं. मी तोवर मास्तर झालो, संसाराला लागलो, तरी शाळा सुटली की पाय दवाखान्याकडे वळायचे. रोगी नसला तर रोग्याच्या स्टुलावर मी. लोखंडी पायांचं, जरा डुगडुगणारं ते स्टूल. विचुंब्याची एक म्हातारी नेहमी यायची. इंदूताईने नळी लावून म्हटलं, “दम धरा, आजी.” म्हातारी वळून म्हणाली, “आवं डाक्टरबाय, दमच तं धरून आली विचुंब्यावरना. आजून किती धरू?” इंदूताई हसता हसता टेबलाला धरून उभी राहिली. मलाही हसू आलं. ती टेबल धरून जरा जास्त वेळ उभी होती, हे मी पाहिलं, पण हसण्याच्या भरात ते तसंच गेलं.

मग एक दिवस, रोगी गेल्यावर, मी स्टुलावर बसायला गेलो तर ती म्हणाली, “आज उलट. मी रोगी, तू डॉक्टर. सांग कुठला.” आणि ती स्वतः स्टुलावर बसली, पुढे झुकली, कोपरं गुडघ्यांवर टेकली, धापा टाकायला लागली. मी खुर्चीत रेलून, नळी गळ्यात अडकवून, मोठ्या रुबाबात म्हटलं, “हृदयाचा. पण सोंग जरा जास्त होतंय, बाई. मी यापेक्षा बरं करायचो.”

“सोंग नाही रे,” ती म्हणाली.

मी गळ्यातली नळी काढून ठेवली. मग तिला बोलण्याइतका श्वास आला तेव्हा तिने सांगितलं. लहानपणी तिला सांध्यांचा ताप आला होता, गुडघे सुजले होते, मावशीने निर्गुडीचा शेक दिला होता, ते मलाही आठवत होतं. त्या तापाने हृदयाची एक झडप आवळून ठेवली होती. कॉलेजात मुली एकमेकींची छाती तपासायला शिकत होत्या. हिची पाळी आली, मैत्रिणीने नळी लावली, आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा ऐकत राहिली. त्याच सुट्टीत हिने औषधांचा तो धडा पायऱ्यांवर आणला होता. मी म्हटलं, “मग तू मला कशाला पढवत होतीस? तुला तर येतच होतं.” ती म्हणाली, “मला येऊन काय उपयोग? श्वास अडकला की डॉक्टरचंही डोकं चालत नाही. घरात एकाला तरी पाठ हवं होतं. आईला सांगितलं असतं तर तिनेच अंथरूण धरलं असतं. म्हटलं, दत्तू आहे. त्याला काही कळत नाही, पण सांगितलेलं सोडत नाही.”

माझ्या बुद्धीचा याहून खरा दाखला मला कुणी दिलेला नाही.

नंतर मुंबईचे डॉक्टर झाले, शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली असं ते म्हणाले. डिजिटॅलिस सुरू झालं. जेवण अळणी. “खाडीकडे बघावं तिकडे मिठाचे ढीग, आणि मला भाजीत चिमूट नाही,” म्हणायची, पण पाळायची. दवाखाना आधी एक वेळ झाला, मग बंद झाला. आजाराबद्दल मावशीला माहीत होतं तेवढंच बाकीच्यांना, म्हणजे दमा आहे एवढंच. तो शब्द एकच असल्याचा तिला शेवटी असा उपयोग झाला. मला घरी बायको विचारायची, “ताईंचं कसं आहे?” मी म्हणायचो, “दमा आहे.” खोटं नव्हतं. पण त्या शब्दाच्या आत मी आणि ती, दोघंच राहत होतो.

आणि मग तो सदरा.

“इंदूताई,” मी म्हटलं, “सदरा पांढरा आहे.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग भिंतीकडे, मग स्वतःच्या लुगड्याच्या काठाकडे. “हो का,” म्हणाली. “मला वाटलं, रंग लावलाय घराला.” मी तिचं मनगट हातात घेतलं, नाडी मोजली, तीही तिनेच शिकवलेली. सावकाश होती, आणि मधेच एखादा ठोका पायरी चुकल्यासारखा. “जेवण?” “नकोसं झालंय.” “मळमळ?” “आहे.” आम्ही दोघं पाठ म्हटल्यासारखे बोलत होतो. ती म्हणाली, “मग डॉक्टर, काय करायचं?” मी म्हटलं, “गोळी बंद.” “आणि गोळी बंद केली की?” त्याचं उत्तरही मला पाठ होतं. मोरी तुंबणार. उंबरठ्याच्या अलीकडे बुडणं, पलीकडे विष... मी मुंबईला कळवतो, गाडी बघतो, असं काहीतरी बोलत उठलो. तिने माझा हात धरून खाली बसवलं आणि म्हणाली, “पास झालास हो, दत्तू. पहिल्यांदा.”

मुंबईचे डॉक्टर आले, त्यांनी मी म्हटलं होतं तेच सांगितलं, गोळी बंद. चौथ्या दिवशी सकाळी मी फळ्यावर उजळणी लिहीत असताना शेजारचे काका शाळेच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांनी चपला काढल्या नाहीत, आतही आले नाहीत. मी खडू ठेवला.

दवाखान्याची खोली आता दुसऱ्या कुणी घेतली आहे, तिथे शिंपी बसतो. सामान हलवलं तेव्हा मावशी म्हणाली, “तुला काय हवं ते घे.” मी स्टूल घेतलं. नळी नाही, पुस्तकं नाहीत, ती वापरायला कुणीतरी लागतं. स्टुलावर नुसतं बसता येतं. ते मी मागच्या अंगणात ठेवलं आहे, अजून डुगडुगतं. शाळेतून आलो की पाय सवयीने वळतात ते आता तिथवरच येतात. बायको दारातून विचारते, “तिथे काय करता हो एकटेच?” मी म्हणतो, “दम खातोय.” ती आत जाते. घरात माणसं पुष्कळ आहेत, पोरांचा गलका असतो, हाकेला ओ देणारी सगळी. पण धापा टाकत आल्यावर माझ्याकडे निरखून बघणारं आणि “सांग, कुठला?” म्हणून विचारणारं कुणी नाही.

मी ताठ बसतो. पाठ रिकामी असते, नळीचा तो गार स्पर्श होत नाही. तरी श्वास घेतो आणि धरतो. पलीकडे गच्चीवर पापड वाळत असतात, कावळे असतात... वाटतं, वर गेली असेल, येईल आता खाली. बराच वेळ धरतो. मग, कुणी म्हणत नाही म्हणून, माझा मीच सोडतो.