हुकूम आणि माहिती

नातीनं आज कॉम्प्युटर उघडून पुसायला घेतला. हिरव्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाली, "आबा, ही मेमरी. हुकूम आणि माहिती, दोन्ही इथंच राहतात. हा प्रोसेसर एकेक हुकूम उचलतो नि पाळतो."

"म्हणजे तुझी आजीच की!" मी हसलो.

ती हसली नाही. "आजीला काय आवडायचं, आबा?"

शाळा कमी झाली, पण डोकं शाबूत आहे माझं. सगळं चाचपलं. चहा टाक. दार लाव. गप बस. पन्नास वर्षांचे माझे हुकूम शब्दन् शब्द सापडले. तिची माहिती कणभर नाही. ती गेली तेव्हा रडलो होतो, आज मान वर होईना.

"पाणी आणू, आबा?"

"नको. माझं मी घेतो," म्हणत उठलो. पेले कुठं असतात, तेही नातीलाच विचारावं लागलं.