मेडलची कड

शेजारी कुणी पितळेचं पॉलिश उघडलं, की त्या उग्र वासाबरोबर मला जवाहर चौकाजवळचं एक सरकारी ऑफिस आठवतं. सैन्यातून निवृत्त झालेले बाबा भोपाळला आमच्या टाउनशिपच्या कारखान्यात गेटवर पहारा करायचे. ते गेल्यावर कळलं, की लढाईत मिळालेल्या त्यांच्या मेडलची लष्करी रेकॉर्डमध्ये नोंदच नाही. "माणूस गेला, आता तो लढलाच नव्हता म्हणतात!" आई हट्टाला पेटली. हेलपाटे घालून चपला झिजल्या, तेव्हा कुठे एका बाबूंना दया आली. "माताजी, मेडल की किनारी पर नाम-नंबर खुदा रहता है। वही दिखा दीजिए, काम हो जाएगा।" आईचा चेहरा उजळला. तिने घाईघाईने पदराची गाठ सोडून मेडल पुढे केलं. बाबूंनी ते खिडकीच्या उजेडात गोल फिरवलं, पुन्हा फिरवलं. कड गुळगुळीत होती. लग्न झाल्यापासून दर रविवारी आई ते याच पॉलिशने घासायची, कडेला तर जरा जास्तच जोर लावून. "इसमें तो कुछ बचा ही नहीं," ते हळूच म्हणाले. आई मेडलकडे नाही, स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली. ते मेडल आता माझ्याकडे आहे. पार काळवंडलंय, पण मी त्याला साधं फडकंही लावत नाही.