ग्रिमकेल आजोबांचा ओंडका

आमच्या ग्रीनलँडच्या खाडीत जळणासाठी तोडावं असं झाड नाही. मेंढ्यांच्या लेंड्यांचे थर गोठ्यातून कापून आम्ही उन्हाळ्यात वाळवतो, डोंगरावरच्या खुरट्या झुडपांच्या काटक्या वेचतो, आणि समुद्र कधी एखादा ओंडका आणून टाकेल म्हणून वाट पाहतो. शेजारच्या ग्रिमकेल आजोबांना असा एक ओंडका मिळाला होता. तो त्यांनी स्वतःच्या शवपेटीसाठी जपून ठेवला होता. त्यावर कुणाला टेकूही देत नसत.

त्या वर्षीचा उन्हाळा पावसातच गेला आणि लेंड्या वाळल्याच नाहीत. ऐन हिवाळ्यात माझी लेक जन्मली. चुलीत नुसता धूर, आणि लेकीचे ओठ निळे पडू लागलेले. तेवढ्यात आजोबा ओंडक्याचे ढलपे उराशी धरून दारात उभे राहिले.

"आजोबा, ही तर तुमची पेटी! पेटीशिवाय पुरलं तर वर देवाला काय सांगाल?"

"तो स्वतः गोठ्यात जन्मला, पोरी. थंडी काय असते हे त्याला मी सांगू? मला जुन्या घोंगडीत गुंडाळा म्हणजे झालं. आता बडबड पुरे, चुलीत फुंकर मार. तुझे सगळे श्वास काय प्रार्थनेसाठीच राखून ठेवलेत?"

खारट लाकडानं तडतडत निळसर जाळ धरला. हळूहळू लेकीचे ओठ गुलाबी झाले आणि तिनं असा टाहो फोडला की आजोबा कानांवर हात ठेवून हसू लागले.

मी हात जोडून प्रार्थनेला बसले, तर तोंडात देवाच्या आधी आजोबांचंच नाव आलं. देव रागावला नसेल.