खाली ठेवलेला हात

"माहा हात खाली हाये, सायेब. पाहून घ्या."

सभेत ठराव मांडला गेला, सगळ्यांचे हात वर गेले, की आबाजी हे वाक्य म्हणत. आवाज चढवत नसत. उजवा हात गुडघ्यावर पालथा ठेवलेला असे आणि माझी नजर तिथवर पोचली की नाही, एवढंच ते बघत.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंनवं होतं, पंचायत समित्या त्याहून नव्या आणि ग्रामसेवक म्हणून मी सगळ्यांत नवा. मेहकरपासून आठ-नऊ मैलांवरच्या त्या गावात माझी पहिली नेमणूक झाली. सरपंचांनी राहायला खोली दिली, सकाळचं दूध त्यांच्याच घरून येई. गावात भांडण नाही, सगळे ठराव सर्वानुमते होतात, असं तालुक्यात गावाचं नाव होतं. त्या नावाला एकच डाग होता, तो म्हणजे आबाजी.

ते पंचायतीचे सदस्य होते. नाल्याकाठी त्यांची वांग्या-मिरच्यांची लहानशी बाग होती. गाव त्यांना तोंडावर आबाजी आणि पाठीमागे नाहीराव म्हणे. हे त्यांना माहीत होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे.

उगाच आडवी येणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आबाजी त्यांतले नव्हते. पटलं तर त्यांचा हात सगळ्यांच्या आधी वर जाई. पण आधी ते "काऊन?" म्हणून कारण विचारत आणि त्याला उत्तर द्यावं लागे. एकदा सभापती गावाला भेट देऊन गेले म्हणून त्यांच्या आभाराचा ठराव आला. आबाजींचा हात गुडघ्यावर. "आले, जेवले, गेले," ते म्हणाले, "आभार तं त्याइनं मानाले पाह्यजे." सगळे हसले आणि हसत हसत सगळ्यांनी हात वर केले.

शाळेच्या कुंपणाच्या ठरावालाही त्यांनी नाही म्हटलं होतं. आधी छप्पर करा, पोरं भिजतात, असं त्यांचं म्हणणं. ठराव मंजूर झाला आणि दुसऱ्या दिवशी कुंपणाचे खड्डे खणायला पहिलं फावडं घेऊन आले तेच. मी चकित झालेला पाहून म्हणाले, "ठराव पास झाला ना? मंग काम तं करा लागते."

सभा संपली की बाकीचे सह्या-अंगठे करून निघून जात. आबाजी थांबत. त्यांना वाचता येत नव्हतं. "आता माही ओळ वाचा," असं म्हणून ते रजिस्टरापाशी बसत. मी वाचायचो, 'सदर ठरावास सदस्य श्री. अमुक यांचा विरोध आहे.' ते डोळे मिटून ऐकत, मान हलवत, अंगठा उठवत आणि शाई केसांना पुसून घरी जात. एवढीशी ती ओळ. पण तिच्यावर त्यांचा जेवढा भरवसा होता तेवढा मी दुसऱ्या कोणाचा कशावर पाहिला नाही.

मग विहिरीचा विषय आला.

गावाला एक सार्वजनिक विहीर मिळणार होती आणि जागा पंचायतीने ठरवायची होती. मारुतीच्या पाराजवळ, असं सरपंचांनी सुचवलं. कागदावर ती विहीर सगळ्यांची होती. पण पाराजवळच्या पाण्याला बौद्ध वस्तीतल्या बायका घागर लावू शकणार नाहीत, हे सभेतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. उन्हाळ्यात त्या बायका नाल्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यावर बसत आणि वाटीवाटीनं घागर भरत. आबाजींची बाग झिऱ्याला लागूनच होती. ते रोज बघत होते.

"वस्तीच्या वाटेवर खणा," ते म्हणाले. "गावाले शंभर पावलं जास्त पडतीन. पाराजोळ खणली तं त्या बायाइले पाणी भरू देसान का तुमी?"

सरपंचांनी हात वर करायला सांगितलं. हात वर गेले. वस्तीतले, राखीव जागेवरचे एक सदस्य होते, त्यांनीही खाली बघत हात वर केला. ते सरपंचांच्याच शेतावर सालदार होते, वर्षाच्या बोलीवर राबणारे. त्यांच्या हाताबद्दल मी काय बोलणार? माझं दूध त्याच घरून येत होतं.

"माहा हात खाली हाये, सायेब. पाहून घ्या."

सरपंच मला बाजूला घेऊन गेले. विरोधाची ओळ लागली की कागद परत येतो, तोवर विहीर दुसऱ्या गावाला जाते, असं त्यांनी शांतपणे समजावलं. मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला ते पटवून घ्यायचं होतं. मी 'सर्वानुमते मंजूर' असं लिहिलं.

सगळे गेल्यावर आबाजी नेहमीसारखे रजिस्टरापाशी येऊन बसले. "माही ओळ वाचा."

मी रजिस्टरात पाहिलं आणि नसलेली ओळ वाचून दाखवली. सदर ठरावास सदस्य श्री. अमुक यांचा विरोध आहे. आवाज जरासुद्धा हलला नाही. त्यांनी डोळे मिटून ऐकली, मान हलवली आणि 'सर्वानुमते'च्या खाली अंगठा उठवला.

पाराजवळ विहीर झाली, पाणीही लागलं. त्यानंतर गावानं आबाजींना काही म्हटलं नाही, फक्त त्यांच्यासाठी जागा संपली. आठवडी बाजाराला मेहकरला गाड्या जात, त्यांत आजवर त्यांच्या टोपल्या कोणी ना कोणी घेई. आता प्रत्येक गाडी भरलेली असे. साठीचा माणूस वांग्यांची टोपली डोक्यावर घेऊन मोटारीसाठी सडकेपर्यंत चालू लागला. पंगतीचं बोलावणं त्यांच्या घरी पोचेनासं झालं. एकदा मी भीत भीत विषय काढला, तर म्हणाले, "लोकाइचं चुकते, पण माहं लेहलेलं हाये ना. बस झालं."

तीन उन्हाळे गेले. तिसऱ्या वर्षी झिराही आटला. टंचाई पाहायला विस्तार अधिकारी आले, सभा भरली. आबाजींनी वस्तीच्या वाटेवर दुसरी विहीर मागितली. अधिकाऱ्यांनी जुनं रजिस्टर चाळलं आणि म्हणाले, तेव्हा जागा सर्वानुमते ठरली होती, कोणाचीच हरकत दिसत नाही.

"माही होती," आबाजी उभे राहिले. "लेहली हाये. ह्या सायबानं मले वाचून दाखोली."

अधिकाऱ्यांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं आणि वाचायला सांगितलं. मी वाचलं. या वेळी जे होतं तेच वाचलं.

सभेत कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. आबाजींनी माझ्याकडे पाहिलं आणि ते खाली बसले. दुसऱ्या विहिरीचा कागद पुढे पाठवायचं ठरलं. सगळे उठून गेले, आबाजी थांबले. आता ते जे म्हणतील ते ऐकून घ्यायचं, असं मनाशी धरून मी बसलो होतो.

"सायेब," ते म्हणाले, "मले वाचाले शिकवसान का?"

मी शिकवलं. दुपारी बागेतलं काम आटोपून ते पंचायतीत येत. पाटीवर पहिला शब्द त्यांना 'नाही' हवा होता. 'हो' सोपा आहे, आधी तो घेऊ, असं मी म्हटलं. "तो तं साऱ्याइले येते," ते म्हणाले. बोटं वांग्याच्या काट्यांनी राठ झालेली, पेन्सिल मोडायची. त्या रजिस्टराबद्दल ते एकदाही बोलले नाहीत. माफी मागायची म्हणून मी रोज ठरवायचो आणि रोज त्यांना पुढचं अक्षर द्यायचो. बाराखडी संपली, माफी राहिली.

कागद तालुक्यात असतानाच माझी बदली सोनाळ्याला झाली. निघताना त्यांनी पिशवीभर वांगी दिली.

पुढे बऱ्याच वर्षांनी मेहकरच्या बसस्टँडवर ते वस्तीतले सदस्य भेटले. आबाजी पावसाच्या झडीच्या दिवसांत गेले, असं त्यांच्याकडून कळलं. गावातले थोडे आले होते, वस्तीतले सगळे. मी विचारलं, सभेत आता त्यांच्या जागी कोण बसतं?

"मी बसतो," ते म्हणाले. सालदारकी त्यांनी केव्हाच सोडली होती. "त्या रोजी माहा हात वर होता, सायेब. मले अजून दिसते तो."

मलाही दिसतो, पण मला माझा दिसतो, लिहिणारा. तसं मी त्यांना सांगितलं. इतक्या वर्षांत ते मी पहिल्यांदाच कोणाला सांगत होतो आणि ज्यांना सांगायचं होतं ते राहिले नव्हते.

सोनाळ्याला असताना मला एक पोस्टकार्ड आलं होतं. कोणती अक्षरं मोठी, कोणती बारकी, ओळ खाली उतरत गेलेली. त्याला मी उत्तर पाठवलं नाही. काय लिहावं ते सुचलं नाही. ते अजून माझ्याकडे आहे. त्यावर एवढंच आहे:

'इहीर मंजूर झाली. वस्तीच्या वाटेवर. माहा हात वर होता. ठराव मीनं सोता वाचून पाह्यला, मंग सही केली.'