आयर्लंडच्या मंदीत वाचलेल्या सहा खाटा

मी निघाले त्या दिवशी बाबा दिवसपाळी अर्धी टाकून हातकणंगले स्टेशनवर आले होते. केसांत आणि भुवयांवर सुताचे पांढरे तंतू तसेच. इचलकरंजीच्या शेडमध्ये पंचवीस वर्षं माग चालवल्याने त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून ते सगळ्यांशीच मोठ्यानं बोलायचे. त्यामुळे अख्ख्या फलाटाला कळलं की कबनूरची ही पोरगी नर्स आहे आणि आयर्लंडला चाललीय.

बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पावणं, ते कुठं आलं?"

"इंग्लंडच्या पल्याड," बाबा म्हणाले. "ल्हान देश हाय. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यायवढी माणसं. पर पैसा लई आलाय म्हणं, आणि नर्सा कमी पडल्यात."

आईनं सकाळी घरी बुद्धाच्या फोटोपुढं त्रिसरण म्हणून घेतलं होतं. स्टेशनवर तिनं माझी पिशवी हातातून सोडली नाही. गाडी दिसली तेव्हा माझ्या कानाशी येऊन एवढंच म्हणाली, "कुणाची मिंधी होऊ नगंस. काम करनार हाईस, फुकट खानार न्हाईस."

कबनूरात जे राहिलात आणि माझ्यासारखे जे कुठं कुठं पांगलात, त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. आपल्याकडे अजून म्हणतात, ती पैशासाठी गेली. गेले की. त्यात लपवायचं काय? पण मी तिथं का राहिले, हे कुणी विचारत नाही. तेच सांगायचं आहे.

त्याआधी एक गोष्ट. कोल्हापुरात नर्सिंगला होते तेव्हा होस्टेल मिळेपर्यंत खोली शोधत होते. एका बाईंनी खोली दाखवली, भाडं ठरलं, चहासुद्धा झाला. मग त्यांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. खोली आदल्या दिवशीच दुसऱ्या कुणाला दिलेली निघाली. मी एक शब्द न बोलता चपला घालून बाहेर पडले. बाईंचा राग यायचाच, पण त्याहून जास्त राग मला माझ्या त्या गप्प बसण्याचा यायचा, आणि तो बरीच वर्षं टिकला.

आयर्लंडमध्ये मला एका छोट्या गावातल्या सरकारी दवाखान्यात काम मिळालं. म्हाताऱ्या बायकांचा वॉर्ड, बारा खाटा. ज्यांना घरी सांभाळणारं कुणी नाही, त्या तिथंच कायमच्या राहायच्या. वॉर्डची प्रमुख मॉरीन नावाची सिस्टर होती, उंच, तुटक बोलणारी आणि न चुकता पहिली हजर असणारी. पहिल्याच दिवशी तिनं मला खिडकीजवळच्या खाटेकडे नेलं आणि सांगितलं, "ही नोरा. देश समजून घ्यायचा असेल तर हिला विचार."

नोरा ऐंशीच्या पुढची होती. सतराव्या वर्षी इंग्लंडला गेली, चाळीस वर्षं तिथल्या दवाखान्याच्या धुलाईघरात चादरी धुतल्या आणि साठीच्या उंबरठ्यावर परत आली. सात भावंडांतली पाच परदेशातच वारली. लोक मॅच ऐकतात तशी ती रेडिओवर अर्थसंकल्प ऐकायची. तिच्याकडूनच मला कळलं की एक पिढी आधीपर्यंत हा देश पोरं वाढवून बाहेर पाठवत होता. मग परदेशी कंपन्या आल्या, संगणकाच्या, औषधांच्या. त्यांना कर कमी लावला. रस्त्यांसाठी युरोपातून पैसा आला. गेलेली पोरं परत यायला लागली, त्यांना घरं हवी झाली, आणि घरं बांधायला, म्हातारी माणसं सांभाळायला बाहेरून माणसं आणावी लागली. त्यातली मी एक.

"खर्च भागून तिजोरीत शिल्लक राहतेय म्हणे," ती एकदा रेडिओ बंद करून म्हणाली. "आम्हाला पैसा हातात धरायची सवय नाही गं. आम्हाला फक्त माणसं बोटीवर चढवून द्यायची सवय."

पहिली काही वर्षं खरोखर तेजीची होती. गावाच्या टोकाला क्रेन उभ्या असायच्या. मोकळ्या पाहिलेल्या कुरणात वर्षाच्या आत घरांच्या रांगा. वॉर्डातल्या आया, वॉर्डबॉय, सगळ्यांच्या तोंडी एकच विषय, कुणी दुसरं घर घेतलं. घर विकलं की सरकारला मुद्रांक शुल्क मिळायचं, त्यातून आमच्यासारख्यांचे पगार व्हायचे. बँकवाले बोलावून कर्ज द्यायचे. मीही एका घराचा फॉर्म भरला. सही तेवढी राहिली होती.

रविवारी फोनवर मोठ्या तोऱ्यात बाबांना सांगितलं. त्यांनी दोनदा विचारून घेतलं, मग म्हणाले, "कोन बांधतंय घरं?"

"सगळेच बांधतात, बाबा."

"आणि घेतंय कोन?"

"तेच सगळे."

तिकडे बाबांनी घसा खाकरला. मग, "पोरी, हिकडं सगळ्यांनीच माग घातलं तवा मी हेच इचारलतं. सगळीच कापड इणाय लागली तर नेसनार कोन? धा शेडा हुत्या आपल्या गल्लीत, आता तीन हायत्या. तेजी खोटी नसती. पर ती आपल्या बापाची बी नसती."

मला राग आला. सगळी हयात दुसऱ्याच्या मागावर उभा राहिलेला माणूस मला युरोप शिकवतोय, असं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं. त्या रागात फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकला आणि दोन महिने काढलाच नाही. माझं शहाणपण एवढंच.

आणि त्याच शरदात, फॉर्मवर सही व्हायच्या आत, सगळं थांबलं. क्रेन उभ्याच होत्या, हलत नव्हत्या. कुरणांतल्या घरांना दारं बसली होती, आत माणूस नव्हतं. बँका बुडायला आल्या आणि सरकारनं त्यांची देणी आपल्या अंगावर घेतली. घरं विकणं बंद झालं तसं शुल्क बंद झालं, तिजोरीला भगदाड पडलं. आमच्या पगारातून पेन्शनच्या नावानं कपात सुरू झाली. नवी भरती बंद. नोरा बातम्या ऐकून म्हणाली, "आता बघ, पहिल्यांदा कुणाचं काढून घेतील. ज्यांना उठून दारापर्यंत जाता येत नाही त्यांचं."

तिचं खरं झालं. वसंतात नोटीस आली. आमचा वॉर्ड बंद करायचा, बारा जणींना दीड-दोन तासांवरच्या वेगवेगळ्या ठिकाणी हलवायचं. गावकऱ्यांनी ओरड केली तेव्हा चर्चच्या हॉलमध्ये सभा ठेवली. आरोग्य खात्याचा एक अधिकारी येणार होता.

सभेच्या दिवशी दुपारी मॉरीननं मला चादरी ठेवायच्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"तू येणार आहेस?"

"हो."

"ये. पण बोलू नकोस. तुझं कॉन्ट्रॅक्ट उन्हाळ्यात संपतंय. तुझा इथं राहायचा परवाना त्याच्यावर आहे. मी कायम आहे, मला कुणी हात लावणार नाही. तुला लावतील."

ती माझ्या भल्याचंच सांगत होती. मी मान हलवली आणि गप्प बसायचं ठरवूनच हॉलमध्ये गेले.

हॉल भरला होता. अधिकारी साधा माणूस होता, दमलेला, त्याचाही पगार कापला गेला असणार. त्यानं पडद्यावर तक्ता दाखवला. एका खाटेला वर्षाचा खर्च किती, बारा खाटा बंद केल्या तर वाचणार किती. देशाची तिजोरी रिकामी आहे, सगळ्यांनी थोडं सोसलं पाहिजे, असं तो म्हणाला. लोक चिडून बोलले, पण तक्त्यातल्या आकड्यांवर कुणी गेलं नाही. सभा संपायला आली. आणि मी उभी राहिले. कशी राहिले ते आजही सांगता येत नाही. पण बाबांचा आवाज वारशात आला असावा, माईक न घेता मागच्या भिंतीपर्यंत पोचला.

"मी या वॉर्डातली नर्स. तुमच्या तक्त्यात खाट बंद केली की वाचणारा पैसा आहे. पण या बारा जणी हवेत राहणार नाहीत. त्यांना जिथं नेणार तिथल्या खाटेचा, तिथल्या नर्सचा, नेणाऱ्या गाडीचा खर्च कुठल्या ओळीत आहे?"

अधिकाऱ्यानं कागद चाळले. पुन्हा चाळले. म्हणाला, "तो दुसऱ्या विभागाच्या बजेटमध्ये येतो."

"म्हणजे पैसा वाचत नाही," मी म्हटलं. "फक्त तुमच्या कागदावरून दुसऱ्याच्या कागदावर जातो. आणि म्हाताऱ्या त्याच्याबरोबर जातात."

हॉलमध्ये हसू फुटलं, मग टाळ्या. तेवढ्यात कडेला बसलेला एक शेतकरी उठला. त्याची आई आमच्याकडे चौथ्या खाटेवर होती. त्याचा मुलगा काम नाही म्हणून महिन्यापूर्वीच कॅनडाला गेलेला. तो म्हणाला, "तुला बोलायला सोपं आहे. तुला परत जाता येईल. आम्ही कुठं जायचं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कोल्हापुरातली ती खोली आठवली. पण यावेळी मी चपला शोधल्या नाहीत.

"तुमच्या आईला रोज सकाळी मी अंघोळ घालते," मी म्हटलं. "त्यांना पाणी जास्त गरम लागतं, आणि केस धुताना त्या तुमचं लहानपणीचं नाव घेतात. माझाही कर याच तिजोरीत गेलाय. मला कुठं जाता येतं ते मी बघीन. उद्या सकाळी सातला मी वॉर्डात असणार. तुम्ही या."

तो खाली बसला. दुसऱ्या दिवशी सातला नाही, पण दहाला आला. आईचे केस विंचरून गेला.

पुढं काय झालं ते जसंच्या तसं सांगते, वाढवून नाही. माझ्यानंतर बरेच जण बोलले, पत्रं गेली, गावच्या निवडून दिलेल्या माणसांना घाम फुटला. शेवटी सहा खाटा ठेवल्या, सहा बंद केल्या. हा पुरा विजय नव्हता. कुणी राहायचं याची यादी मॉरीनला करावी लागली आणि त्या आठवड्यात तिनं ती चार वेळा फाडून पुन्हा लिहिली. नोरा राहिली. ज्या सहा जणी गेल्या त्यांतली एक ॲम्ब्युलन्समध्ये बसताना माझा हात धरून विचारत होती, "माझं काही चुकलं का?" मला अजून तो हात जाणवतो.

उन्हाळ्यात माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि वाढवलं नाही. कारण दिलं, भरतीबंदी. ते खरंही असेल. मी विचारलं नाही, कारण उत्तर काहीही आलं असतं तरी मी त्या सभेत तेच बोलले असते.

माझ्याबरोबर आलेल्या केरळच्या मैत्रिणी ऑस्ट्रेलियाला निघाल्या. मलाही चल म्हणाल्या. कबनूरातून फोन आले. चुलत्यांनी विचारलं, "देश बुडाला म्हणं तुझा?" आवाजात काळजी थोडी आणि समाधान जास्त होतं. आई मात्र खरंच घाबरली होती. "ये परत. हितं काय उपाशी मरशील?"

मी आईला सांगितलं, "मला कुणी घालवलं म्हणून मी जाणार नाही. मला वाटेल तेव्हा येईन." तिनं फोन ठेवून दिला.

शेजारच्या गावातल्या एका खाजगी वृद्धाश्रमात मला जागा मिळाली. परवाना बदलून मिळेपर्यंत जीव टांगणीला लागला होता. पगार कमी, पाळी लांब. सुट्टीच्या दिवशी बसनं नोराकडे जायचे. दोन हिवाळ्यांनी ती गेली, स्वतःच्या खाटेवर, खिडकीशी. मॉरीननं मला निरोप पाठवला तेव्हा नोराच्या कागदांवर "नातेवाईक" या रकान्यात माझं नाव घातलं होतं. नोरानंच सांगून ठेवलं होतं म्हणे.

त्यानंतरच्या सुट्टीत मी कबनूरला आले. आईनं बोलता बोलता सांगितलं की आरोग्य उपकेंद्र सहा महिने कुलूपबंद आहे. शेजारची सून बाळंतपणाच्या कळा सोसत इचलकरंजीपर्यंत रिक्षातून गेली. त्या आठवड्यात ग्रामसभा होती. मी गेले. बायका मागं बसल्या होत्या, मी पुढं बसले, आणि विषय संपत आले तेव्हा उपकेंद्राचं विचारलं.

समोरचा एक पुढारी हसून म्हणाला, "ताई, तुम्ही आता पावण्या. चार दिस आलाय, आईच्या हातचं खावा, आराम करा. गावाचं गाव बघंल."

आयर्लंडमध्ये माझ्या बोलण्यावर लोक विचारतात, तू मूळची कुठली. इथं माझ्या कपड्यांवरून ठरवतात, आता ही आपली नाही. दोन्हीकडे दारात उभं करायची ही रीत मला पाठ झाली आहे. आणि दारात उभं राहून परवानगीची वाट बघणं मी सोडून दिलं आहे. जिथल्या बंद दाराचा मला राग येतो, ते माझं घर. मग ते तिकडचं असो की इकडचं.

"पावणी न्हाई मी," मी म्हटलं. "उपकेंद्राची किल्ली कुणाकडं हाय तेवढं सांगा. मी बसलीया."

मागून एक बाई उठली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. मग दुसरी. पाऊण तासानं किल्ली आली.