गणंग

टायपिंगबाईंच्या हातच्या लाह्या झाल्याशिवाय त्या घरात रविवार आला असं कुणी मानत नसे. दुकानदार त्याला पॉपकॉर्न म्हणोत नाहीतर आणखी काही. बाईंच्या तोंडी शब्द एकच, लाह्या. आणि पाकिटातल्या आयत्या लाह्यांना त्या 'मीठ लावलेला कापूस' म्हणत.

कृती ठरलेली. जाड बुडाचं पातेलं, त्यात तेल आणि तेलात आधी तीनच दाणे. ते तीन फुटले की वाटीभर मका ओतायचा, पातेलं आचेवरून उतरवून तीस आकडे मोजायचे, म्हणजे सगळे दाणे सारखे तापतात, मग पुन्हा आचेवर. झाकण किंचित तिरकं, वाफेला वाट राहील एवढंच. मीठ मिक्सरमधून पिठासारखं काढलेलं, कारण जाड मीठ लाहीवर बसत नाही, तळाला जाऊन निजतं. लोणी वितळवून त्यातलं पाणी पुरतं उडवायचं आणि त्यातच ठेचलेला लसूण परतून घ्यायचा. मिरपूड अगदी शेवटी. हे सगळं कुणीही शिकेल, असं बाई म्हणत. शिकून येत नाही ते पुढचं. लाह्या तडतडतडतड फुटतात, मग दमतात, मग एखाददुसरी. दोन लाह्यांच्या मध्ये 'एक, दोन' म्हणता आलं की त्या क्षणी गॅस बंद. "हे डोळ्यांचं काम नाही, कानाचं आहे," असं सांगताना त्यांची मान जरा ताठ व्हायची.

ती ताठ व्हायला कारण होतं. एकतीस वर्षं त्यांनी टायपिंगचा क्लास चालवला. एका खोलीत वीस मशीनं, दिवसाच्या सहा तुकड्या. बाई वर्गाकडे पाठ करून खिडकीशी उभ्या राहत आणि त्या गदारोळात नेमकं म्हणत, "तिसरी रांग, कडेची मुलगी, करंगळीचं काम अनामिकेकडून करून घेऊ नकोस." बाईंच्या पाठीला कान आहेत, असं मुली म्हणत. पुढे मशीनं भंगारात गेली, क्लास मिटला, पण ते वाक्य बाईंनी जपून ठेवलं.

गेल्या दीड वर्षापासून लाह्या करपायला लागल्या. आधी पातेल्याला दोष दिला, नवीन आणलं. मग शेगडी दुरुस्त करून घेतली. मग वाण्याशी भांडून झालं. तीन आरोपी निर्दोष सुटल्यावर पाळी सुनेवर आली.

सून चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला होती. माणसाच्या तोंडाशी तोंड नेऊन 'आता वाचा, आता कसं दिसतंय' असं हळू विचारायचं हेच दिवसभराचं काम, त्यामुळे आवाज मुळातच मऊ. बाकी घर म्हणजे बाजार. यजमान बसकंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. मीठ मागतानासुद्धा शेवटच्या सीटला ऐकू जावं असं मागत. मुलगा बापाच्या वळणावर गेलेला. त्या दोघांचं बोलणं बाईंना नीट ऐकू यायचं. सुनेचं मात्र बोलणंच नसायचं.

"दूध तापवलंस का?" उत्तर नाही.

"संध्याकाळी उशीर आहे का?" उत्तर नाही.

लाह्या संपल्यावर पातेल्याच्या तळाशी काही दाणे उरतात. कितीही आच द्या, टणक ते टणक. त्याला म्हणतात गणंग. एके दिवशी बाई शेजारच्या काकूंना म्हणाल्या, "आमच्याकडे एक गणंग आलंय. कितीही तापवा, तोंड म्हणून फुटत नाही!" काकू इतक्या हसल्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. चाललेला विनोद कुणी एकदाच सांगतं का? तो एकूण चार घरी सांगून झाला, आणि पाचव्या घरी आपला आपण गेला. ते पाचवं घर सुनेच्या माहेरचं होतं.

त्या रविवारी विहीणबाई आल्या त्या रिकामी बॅग घेऊन. मुलगा ड्यूटीवर होता.

"या, या, विहीणबाई! पुढे सरका, पुढे भरपूर जागा आहे!" यजमानांनी स्वागत केलं.

विहीणबाई हसल्या नाहीत. कपडे शिवून एकटीने मुलगी वाढवलेली बाई. बोलणं टाक्यासारखं, बारीक आणि घट्ट. त्या बाईंच्या समोरच्याच खुर्चीत बसल्या आणि बाईंना शब्दन् शब्द कळेल अशा म्हणाल्या, "मी हिला महिनाभर घेऊन जाते. माझ्याकडे होती तेव्हा गणंग नव्हती हो ती. मशीनवर बसल्या बसल्या दिवसभर गप्पा चालायच्या आमच्या. इथे येऊन हिची वाचा कशी बसली, तेवढं मला कळायला हवं."

बाईंच्या कानशिलापर्यंत ऊन चढलं. "अहो, थट्टेत म्हणतो माणूस..."

"चार घरी?"

"आधी लाह्या करते," बाई उठल्याच. "रिकाम्या तोंडी कसलं बोलणं?"

स्वयंपाकघरात सून लसूण सोलत होती. बाईंनी तीन दाणे टाकले, फुटलेले बघितले, मका ओतला, तीस मोजले, झाकण तिरकं केलं. मग कान लावून उभ्या राहिल्या. लांब कुठेतरी, बंद दारामागे कुणीतरी टाइप करत असावं तसं काहीतरी आलं आणि विरलं. आता सुरू होईल, असं म्हणत त्या थांबल्या. आधी वास आला, मग झाकणाच्या फटीतून निळसर धूर.

"बघ!" बाई गर्रकन वळल्या. "मक्याचा डबा उघडा टाकलास ना परत? दाणा वाळला की असंच होतं. कितीदा सांगायचं? आणि सांगून उपयोग काय, बोलणार थोडीच आहेस!"

विहीणबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्या पुढे झाल्या, गॅस बंद केला आणि बाईंच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "ती तीनदा म्हणाली. 'आई, झालं, बंद करा.' तीनदा. मी इथून ऐकलं."

"काही म्हणाली नाही ती."

"म्हणाली."

"म्हणाली असती तर मला ऐकू आलं नसतं? माझ्या कानांना..."

पुढचं वाक्य तयार होतं, एकतीस वर्षांचं. पण ते जिभेवर येईना, कारण बाईंना माहीत होतं. आत्ता कळलं असं नव्हे. आठ महिन्यांपूर्वीच माहीत झालं होतं. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं म्हणून त्यांनी ते उतरवलं होतं, कानाशी धरलं होतं, सेल बदलला होता, पुन्हा कानाशी धरलं होतं. टिकटिक नाही. आणि सेकंदकाटा मात्र डोळ्यांसमोर तुरुतुरु चालला होता. त्यांनी घड्याळ होतं तिथे टांगलं आणि कुणाला एक अक्षर सांगितलं नाही. शेजारच्या काकूंना गणंगाचा विनोद सांगितला तो त्याच आठवड्यात. आधी घड्याळ, मग विनोद. हा क्रम त्यांनी इतके दिवस स्वतःलासुद्धा नीट मोजू दिला नव्हता.

सून काळवंडलेलं पातेलं सिंकमध्ये ठेवत होती. तिने आईकडे बघून 'बघितलंस?' असं केलं नाही. केलं असतं तर बाईंना राग तरी धरता आला असता.

"मला ऐकू येत नाही," बाई म्हणाल्या. आपला आवाज केवढा लागला, याचाही अंदाज त्यांना आला नाही. "बारीक आवाज येत नाहीत. हिचा तर मुळीच येत नाही. मला माहीत होतं ते. माहीत असून मी हिला नावं ठेवली."

बाहेरून यजमान ओरडले, "काय गं, काय जळलं?"

त्यांचं मात्र लख्ख ऐकू आलं.

सुनेचे ओठ हलले. एरवी बाईंनी मान वळवली असती.

"काय म्हणालीस? ऐकू नाही आलं."

सून हात पुसत समोर आली, दुकानात गिऱ्हाईकापुढे उभी राहते तशी, उजेड तोंडावर घेऊन. "म्हटलं, मला माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"बोलले होते, आई," ती म्हणाली. "दोनदा."

बाईंनी ओट्याची कड धरली. "जाऊ नकोस, असं म्हणायला मला तोंड नाही," त्या म्हणाल्या.

"मी जाणारच आहे. आठ दिवस." सून प्रत्येक शब्द सुटा करून बोलत होती. "रागाने नाही. मला जरा बोलायचंय कुणाशी तरी. पण चार घरी खरं काय ते तुम्ही सांगा. मी नाही सांगणार, आणि बाबांनाही सांगू द्यायचं नाही. तुम्ही."

बॅग भरली गेली. यजमानांनी "आठ दिवसांचंच तिकीट हं!" म्हणून पाहिलं, पण आवाज पडलेला होता. तो खाली आलेला आवाज बाईंना अर्धाच कळला.

दोघी गेल्यावर बाईंनी पायांत चपला घातल्या. शेजारच्या दाराला चपलांची गरज नव्हती, चार पावलं तर होती. पण अनवाणी जावंसं वाटेना. घंटा दाबली, वाजली की नाही कळलं नाही, म्हणून पुन्हा दाबली.

काकूंनी दार उघडलं, बाईंना बघताच त्यांचा चेहरा खुलला आणि त्या हसत काहीतरी म्हणाल्या. गेले आठ महिने अशा वेळी बाईही हसत आल्या होत्या.

"मला कमी ऐकू येतं," बाई म्हणाल्या. "जरा मोठ्याने बोला."

काकू क्षणभर गोंधळल्या, मग साऱ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "म्हटलं, तुमचं गणंग बॅग घेऊन कुठे निघालं?"

वरच्या मजल्यावर कुणाचं तरी दार उघडलं. बाई उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. "आत नको," त्या म्हणाल्या, "इथेच सांगते."