ज्याची गोष्ट, त्याला आधी ऐकवायची

माळकरकाकांची नि माझी ओळख झाली इथे सिंगापुरात, हौगांगच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत. मी त्यांच्याच तालुक्यातली, पार कोल्हापूरच्या दक्षिणेकडची, हे कळताच त्यांनी विचारलं, "गावातली जुनी विहीर कुणी बांधली, माहितेय?" मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, मला काय डोंबल ठाऊक! बँकेतून निवृत्त झालेले काका आमच्या तालुक्याचा, तिथल्या प्रत्येक समाजाचा इतिहास लिहीत होते. तेव्हापासून दर रविवारी पुंगोलच्या माझ्या घरून त्यांच्या फ्लॅटवर जाऊन टायपिंग करणं माझ्याकडे आलं.

काकांचा नियम एकच: ज्याची गोष्ट, त्याला आधी ऐकवायची, मगच छापायची. धनगरांना, कोष्ट्यांना, मुजावरांना ते व्हिडिओ कॉलवर पानन्‌पान वाचून दाखवत. पलीकडून "न्हाई, तसं नव्हतं" आलं, की चार-चार पानं खोडत. मी चरफडायचे. काकू त्यांचा गार झालेला चहा बदलून देत.

पुस्तक काकांच्या पंचाहत्तरीच्या समारंभातच प्रकाशित करायचं ठरलं. हॉल ठरला, गावाकडे छपाई सुरू होणार होती. नकाशा मी केला होता, सरकारी यादीतली एकूण एक गावं घालून. केवढी ऐट होती मला! शेवटचा कॉल वडार वस्तीवरच्या यल्लव्वा आजींना. विहिरींचं प्रकरण आणि नकाशातली सगळी गावांची नावं ऐकून त्या म्हणाल्या, "समद्या हिरी आमच्या बापजाद्यांनी खांदल्या. आन् आमी कुटं हाय ह्यात?"

वस्ती यादीत नव्हती, म्हणून माझ्या नकाशातही नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काका, पुढच्या आवृत्तीत घालू या," मी पुटपुटले.

"पुढच्या?" एवढंच म्हणून काकांनी छापखान्याला फोन लावला आणि छपाई थांबवली. मला एका शब्दाने बोलले नाहीत. आजींना मात्र म्हणाले, "चूक माझी. तुम्ही सांगा, मी लिहितो."

म्हणून या गौरवग्रंथासोबत ते पुस्तक आज तुमच्या हाती पडणार नाही. मंडळी, इतक्या वर्षांचं काम, स्वतःचा एवढा मोठा दिवस, आणि हा माणूस एका वस्तीसाठी शांतपणे थांबतो! मी थक्क होऊन बघतच राहिले.

वस्तीवरचं प्रकरण आता लिहून झालं आहे. पुढच्या महिन्यात काका स्वतः तिथे जाऊन ते वाचून दाखवणार आहेत. आजींचा निरोप आलाय, "बिगी या, माजं लई वय झालंय."

काका, तुम्हाला आणि यल्लव्वा आजींना, दोघांनाही उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आणि ऐकून आजी "न्हाई, तसं नव्हतं" म्हणाल्या, तर सगळं पुन्हा लिहून काढण्याइतकं लाभो. टायपिंगला मी आहेच.